थरूकरावाची रजा

।। श्री ।।
ढाणकी, सोमवार, दि. ११ सप्टेंबर २००६

चि. मंदार,

आशीर्वाद आहेतच. ते दोन ओळींत लिहून आंतरदेशीय पत्राची जागा घालवत नाही.

तुझ्या गोष्टीचे दोन्ही भाग वाचले. पहिला भाग निघाला हे तू कळवलं नाहीस, शेजारच्या जयानं कळवलं. दुसरा मात्र काल आपल्या घरच्या पेपरात वाचला. आपल्या घरी पेपर येत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा तो कसा आला ते सांगते. काल सकाळी तुझ्या बाबांनी सायकल काढली आणि एसटी स्टँडवरून पेपर आणला. मी विचारलं, आज हे काय? म्हणाले, "कापसाचे भाव बघायचे होते." आत्ता कुठे बोंडं धरताहेत, भाव कसले बघायचे? आणि आपल्याकडे कापूस म्हणशील तर तुळशीमागे आपोआप उगवलेलं एक झाड. महिन्याच्या हिशेबात पेपरासाठी सदर नाही, म्हणून ते पैसे 'पोथी-पूजा' खाली लिहिले.

'सातव्या सूर्याचा परीक्षक' हे नाव चांगलं दिलंस. तुझा तो परग्रहावरचा थरूक यानातून उतरतो, तिथलं शेवाळ चिमटीत धरून ओढतो, धागा किती लांब निघतो ते डोळ्यांजवळ धरून बघतो, आणि ग्रह राखायचा की टाकायचा ते ठरवून शिक्का मारतो. टाकाऊ ठरला त्या ग्रहाचा सूर्य विझवतात. थरूकच्या कपाळात महाकेंद्राचा आवाज घुमत असतो, तो सांगेल तेवढंच हा करतो. राग नाही, दया नाही, झोपसुद्धा नाही.

मंदार, मी नुसती मॅट्रिक आहे, तीही गणितात काठावर पास. पण नवऱ्याची चिमूट मला ओळखू येते. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्यांचं सगळं आयुष्य त्याच चिमटीत गेलं.

बाबांनी तो भाग दोनदा वाचला. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "हा एका हातानं धागा ओढतो का?" मी म्हटलं, त्यांच्याकडे तशी पद्धत असेल. त्यावर म्हणाले, "आणि ह्याला रजा किती मिळते?" मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. "मग बघ," एवढं म्हणाले आणि आंघोळीला गेले. ह्यावरून ते चिडले की काय झालं, मला कळलेलं नाही. तुला कळलं तर कळव.

मागच्याच्या मागच्या हंगामात त्यांनी तुझ्या मित्राच्या, शामच्या, वडिलांची, देवसिंगची, गाडी कापूस ओला आणि पिवळट कवडी म्हणून फाटकातून परत लावली. तू साऱ्या गाड्यांच्या रांगेसमोर त्यांना म्हणालास, तुमच्यात माणूस नाही, नुसता शिक्का आहे. मी तिथं नव्हते, पण ढाणकीत असं बोलणं आपल्या पायांनी घरी येतं. त्याच आठवड्यात तू पुण्याला गेलास. तेव्हापासून मला पत्रं येतात, त्यांना नाही. मी कोणाची बाजू घेत नाही. गोष्टीबद्दल लिहिते आहे.

लोणचं उरलंय की संपलं?

तुझी
आई

ढाणकी, मंगळवार, दि. २६ सप्टेंबर

चि. मंदार,

तुझं कार्ड पोचलं. लोणच्याबद्दल एक ओळ आणि थरूकबद्दल चौदा, तेव्हा लोणचं संपलं असं धरते.

तू लिहितोस, "आई, त्याला भावना नाहीत आणि इच्छाही नाही, म्हणूनच तो भयंकर आहे." हे मी दोन दिवस मनात घोळवलं. भाकरी थापताना, वाती वळताना. मला ते पटत नाही. ह्या पावसाळ्यात पैनगंगा चढली आणि काठची उभी शेतं घेऊन गेली. नदीला कोणी दुष्ट म्हणालं नाही. पाणी उतरल्यावर बायकांनी जाऊन तिची ओटी भरली. तुझ्या थरूकला इच्छाच नसेल तर तो पूर झाला, खलनायक नाही झाला. त्याला दुष्ट म्हणायचं तर त्याला 'नाही' म्हणता येत होतं आणि तरी त्यानं म्हटलं नाही, असं पाहिजे. आणि एकदा 'नाही' म्हणता येतं असं धरलं, की वाचणारा वाट बघत बसतो, आज म्हणेल, उद्या म्हणेल. तुला माणसाला घाबरवायचंही आहे आणि त्यानं वाट बघू नये असंही पाहिजे. ते कसं जमेल?

शिवाय परवाच्या भागात तूच लिहिलंस की शिक्का मारून झाल्यावर थरूक तो शेवाळाचा पुंजका टाकून देत नाही, मुठीत ठेवतो. कशाला ठेवतो? महाकेंद्रानं सांगितलं होतं का?

तुझ्या बाबांचे सदरे धुवायला घेताना मी खिसे चाचपते. हंगामात रोज एक पुंजका निघतो, लहानपणी तू ते मिशी म्हणून लावायचास. ते पुंजके मी टाकत नाही. देवापुढच्या वाती त्याच्याच होतात.

वातींवरून आठवलं. ह्या चातुर्मासात नंदाबाईंनी लाख वातींचा नेम धरलाय. एकटीच्यानं लाख होत नाहीत, म्हणून आम्ही बायका दुपारी देवळात बसून वळतो. पोथी मी वाचते, कारण चष्मा माझा नवा आहे. पोथीचा अध्याय लवकर आटोपतो आणि वाती राहतात. गेल्या सोमवारी जया म्हणाली, "काकू, मंदारची गोष्ट वाचा ना." मी म्हटलं, देवापुढे हे कसलं? तर नंदाबाईच म्हणाल्या, "वाच वो. हात चालले पाहिजे, कान मोकळेच हायेत." म्हणून वाचली. पेपरचं पहिलं पान मी दुमडून आत घालते. त्यावर हल्ली आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या असतात आणि बायकांच्या घरोघरी कापूस आहे. आतली पुरवणी तेवढी उलगडते.

थरूकला आता सगळ्या थरूकराव म्हणतात. मी तसं कोणाला शिकवलेलं नाही.

तुझी
आई

ढाणकी, मंगळवार, दि. १० ऑक्टोबर

चि. मंदार,

आजचं पत्र लांबणार, म्हणून जुन्या वहीची कोरी पानं घेतली आहेत. काल देवळात जे झालं ते तुला कळवायलाच पाहिजे.

शामची आई हंसाबाई तांड्यावरून रोज दूध घेऊन येते. परतीची जीप दुपारनंतर असते, तोवर ती आमच्यात येऊन बसते. वाती तिच्याइतक्या सारख्या कोणाच्या होत नाहीत. काल सहावा भाग वाचून झाल्यावर तिनं विचारलं,

"वैनी, ह्या थरूकरावाले बायको हाये का?"

"नाही."

"माय?"

"नाही, त्यांच्यात आईबाप नसतात."

"मंग हा कायले जगून राह्यला?"

"हुकूम मानाले," नंदाबाई म्हणाल्या.

"हुकूम तं आमचा बैलबी मानते," हंसाबाई म्हणाली. "पण दुपारी झाडाखाली बसला म्हणजे बसला. मंग तुमी हाना नाई तं पाया पडा."

बायका हसल्या. जया म्हणाली की थरूकरावांना एक झाडच द्या. आणि मग हंसाबाईनं हातातली वात खाली ठेवून सरळ विचारलं, "वैनी, हे मंदारनं आमच्याच गाडीवरून लिवलं ना?"

सगळ्यांचे हात थांबले. मी हो म्हटलं. देवासमोर दुसरं काय म्हणणार.

ती रागावली नाही. म्हणाली, "मंग पोरानं अर्धंच पाह्यलं. गाडी परत लावली त्या सांजेले तुमचे मालक तांड्यावर आलते, सायकलनं. आमचा मानूस त्याहीच्याशी बोलला नाई, पाठ करून बसला. हे आपले ताडपत्रीवर बसले अन् कवडी निवडू लागले. पांढरा हिकडं, पिवळा तिकडं. म्हणे, दोन उन्हं द्या अन् मंग आना. मी म्हटलं, भाऊ, चहा घ्या. म्हणे, ड्युटीवर शेतकऱ्याचा चहा घेत नाई. म्या म्हटलं, सांज झाली, आता कुठची ड्युटी? तं म्हणे, 'ती सुटत नाही, हंसाबाई.' अन् दिसेनासं झालं तोवर निवडत राह्यले."

नंदाबाईंनी विचारलं, "मंग दुसऱ्या खेपेले लागला का ग्रेड?"

"अर्ध्याले लागला. अर्धा कवडीतच टाकला. तिथं कोनाचं नाई ऐकलं त्याहीनं," असं म्हणून ती स्वतःच हसायला लागली.

मंदार, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेला तू पुण्यात होतास, आणि घरात त्यांनी शब्द काढला नाही. रात्री जेवताना मी विचारलं. म्हणाले, "त्यात सांगण्यासारखं काय होतं? ओला कापूस होता, वाळवला." मी विचारलं, तसं नियमात असतं का, घरी जाऊन निवडून द्यायचं? म्हणाले, "नियमात नाही."

"मग का गेलात?"

त्यांनी ताकाची वाटी पुढे केली. ताक वाढलं.

तू चुकलास असं मला म्हणायचं नाही. गाडी परत फिरली हे खरं आहे, देवसिंग दिवसभर रांगेत उभा होता हेही खरं आहे, आणि तुला राग आला तो मला तेव्हाही वावगा वाटला नाही. कोणाला तरी यायलाच पाहिजे होता. मी एवढंच म्हणते की तुझा थरूक शिक्का मारतो तिथंच तुझी गोष्ट संपते. त्यानंतर तो संध्याकाळी कुठं जातो ते तू बघितलेलं नाहीस.

देवसिंगला आता तुझी गोष्ट शाम वाचून दाखवतो म्हणे. त्याचं मत अजून कळलेलं नाही.

तुझी
आई

ढाणकी, बुधवार, दि. २५ ऑक्टोबर

चि. मंदार,

दिवाळी झाली. तू येशील असं मी धरलं नव्हतं, पण अनारसे मात्र तू येणार असल्यासारखे केले. हाताला सवय असते. जाळी छान पडली.

रविवारी पेपरला दिवाळीची सुट्टी होती, आणि दिवाळीत ती असते हे तुझ्या बाबांना इतक्या वर्षांत पाठ आहे. तरी सकाळी सायकल काढून स्टँडवर जाऊन आले. मी विचारलं, काय मिळालं? म्हणाले, "हवा चांगली होती."

आता दोनच भाग उरलेत असं तू लिहिलंस. थरूकला मारणार आहेस का? बायका विचारतात. मीही विचारते.

तुझी
आई

ढाणकी, मंगळवार, दि. ३१ ऑक्टोबर

चि. मंदार,

माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. ती तुझ्या गोष्टीच्या बाबतीत आहे, तेव्हा आधी तुला सांगते, नंदाबाईंना नंतर सांगेन.

परवाचा भाग तू कसा संपवलास ते तुला आठवत असेल. माणसांच्या यानातून आगीचा लोळ येतो, थरूकला लागतो, तो शेवाळात पालथा पडतो, कपाळातला आवाज म्हणत राहतो, 'ऊठ, शिक्का मार, ऊठ, शिक्का मार.' आणि खाली 'क्रमशः'.

मी काल तो वाचला आणि पेपर मिटला. कोणी उठेना.

नंदाबाई म्हणाल्या, "पुढं?"

"पुढच्या रविवारी."

"अशा जागी पोथी थांबवत नाईत."

हे आपल्याकडचं तुला ठाऊक आहे. कोणी पडलेलं असेल, कोणी रडत असेल, तिथं अध्याय सोडून उठायचं नाही. चार ओव्या पुढच्या वाचायच्या, माणसाला उभं करायचं आणि मग पोथी बांधायची. मी म्हटलं, "नंदाबाई, ही पोथी नव्हे, पेपर आहे."

"वाचलं देवापुढं ना?"

"हो."

"मंग झालं तर. पडलेल्याले तसंच टाकून मी घरी जाऊन सैपाक करू?"

हंसाबाई जीप सोडायला तयार झाली होती. मग मी पान उलटलं. मागे ट्रॅक्टरची जाहिरात होती. तिच्यावर नजर ठेवून मी वाचू लागले. मलासुद्धा ठाऊक नव्हतं पुढे काय आहे. जे वाचलं ते असं. थरूकनं डोळे उघडले. मूठ चाचपली, पुंजका जागेवर होता. कपाळात आवाज आला, ऊठ, शिक्का मार. थरूक म्हणाला, आज मी रजेवर आहे. आवाज म्हणाला, रजा कोणी दिली? थरूक म्हणाला, मी घेतली. मग तो उठून एका झाडाखाली जाऊन बसला. तिथं झाडं नाहीत असं तू आधी लिहिलं आहेस, पण जयानं देऊन टाकलेलं झाड मला त्या वेळी आठवलं.

बायकांना फार बरं वाटलं. जयानं विचारलं, "भरपगारी की बिनपगारी?" मी म्हटलं, तेवढं छापलेलं नाही. हंसाबाई पदर झटकत उठली आणि म्हणाली, "मी म्हटलंच होतं, बैल बसला म्हणजे बसला."

घरी आल्यावर देवापुढे मी नाक घासलं. खोटं वाचल्याबद्दल. पण मन गोष्टीत लागलेलं होतं, पश्चात्ताप म्हणावा तसा होईना.

आता पुढचं ऐक. दिवाळी होताच केंद्र उघडलं, त्यामुळे बाबा अंधार पडल्यावर येतात. काल येताना जयानं त्यांना फाटकाशी गाठून सांगितलं, "काका, थरूकराव रजेवर गेले बरं का." ह्यांनी तो भाग रविवारीच वाचलेला. घरात आले, पाय धुतले, आणि म्हणाले, "रजेचं कुठं छापलंय?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. मग म्हणाले, "आवाजानं ऐकलं का त्याचं?"

"एवढं मी रचलं नव्हतं."

"ऐकत नाही आवाज," म्हणाले. "पण मागून बघायला हरकत नाही." आणि माझ्याकडे फुलस्केप कागद मागितला. कशाला, ते मी विचारलं नाही. ते समईच्या बाजूला बसून लिहीत होते, आणि मी वाती वळत होते.

हे पत्र वेळेत पोचलं तर शेवटच्या भागाचं बघ. तुझ्या आईनं तुझ्या थरूकला झाडाखाली बसवून ठेवलंय. त्याला मारशील तर मला पाच बायकांना तोंड द्यावं लागेल.

तुझी
आई

ढाणकी, बुधवार, दि. ८ नोव्हेंबर

चि. मंदार,

हे पत्र टपालानं येणार नाही. कसं येणार ते शेवटी सांगते.

शनिवारी जयाकडे तुझा फोन आला तेव्हा एसटीडीचे पैसे चढत होते म्हणून मी भराभर हो हो म्हटलं. शेवटचा भाग आधीच छापायला गेला होता हे कळलं. "वाचणाऱ्यांच्या मर्जीनं शेवट लिहायचा तर माझी मर्जी कुठं राहिली, आई?" असं तू म्हणालास. ते मी बाबांना सांगितलं. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." मलाही ते बरोबर वाटलं. माझी मर्जी मी ट्रॅक्टरच्या जाहिरातीवर वापरून घेतली आहे.

रविवारी त्रिपुरी पौर्णिमा होती. बाबा सकाळी पेपर घेऊन आले तो वाचूनच आले, घडी उलटी होती. पेपर माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "लिहिलंय चांगलं."

मी वाचलं. थरूक उठतो. आवाज सांगतो तसा शिक्का मारतो. सूर्य विझतो. अंधारात त्याची मूठ उघडते आणि शेवाळ खाली पडतं. त्याला ते कळतही नाही. समाप्त.

चांगलंच लिहिलं आहेस. मी बाबांकडे बघितलं नाही, चूल सारखी करत राहिले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "शेवाळ पडलं असं लिहिलंय ना?"

"हो."

"पडू देत नाही कोणी," म्हणाले आणि सायकल पुसायला गेले.

आता तो फुलस्केप कागद. तो रजेचा अर्ज होता. हंगाम नुकता सुरू झालेला असताना ग्रेडर रजा मागत नाही. तुझे बाबा तर तुझ्या मुंजीला दुपारून कामावर गेले होते. साहेबांनी विचारलं, काय काम आहे? ह्यांनी लिहिलं होतं तेच सांगितलं, घरगुती. भगवानराव ग्रेडर दुसऱ्या केंद्रावरून ह्यांच्या जागी बदलीला आले, तेही ह्यांना विचारून गेले, "नरहरराव, तब्येत तर बरी आहे ना?"

अर्ज दिला होता तुझा शेवट वाचायच्या आधी. म्हणून रविवारी मला वाटलं, आता हे अर्ज परत घेतील. कोणालाही वाटलं असतं. सोमवारी केंद्रावरून आले तेव्हा मी तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "मंजूर झाली. पिशवी कुठली नेऊ?"

मंदार, त्यांनी मला विचारलं नाही आणि मी त्यांना सुचवलं नाही. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन लिहिते. दीड वर्षात मनात हजारदा आलं, पण तोंडातून काढलं नाही. मी म्हटलं असतं तर ते माझ्या सांगण्यावरून गेले असते, आणि थरूकचं ते महाकेंद्र मला व्हायचं नव्हतं.

देवळातलंही सांगायचं राहिलं. त्रिपुरीला संध्याकाळी लाख वाती लागल्या. सगळं देऊळ पिवळं झालं होतं. मी शेवटचा भाग जसा छापला तसा वाचला, एक शब्द इकडेतिकडे केला नाही. नंदाबाईंनी विचारलं, "हे मंदारनंच लिवलं?"

"हो."

"अन् गेल्या खेपेचं?"

"ते मी रचलं होतं."

"देवापुढं?"

"देवापुढं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पोथी माझ्याकडून जाते. तेवढ्यात हंसाबाई म्हणाली, "मंग ह्यातलं खोटं कोनतं?"

नंदाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "लाख वाती लागल्यात. आता वाद नको. समाप्ती गेल्या खेपेचीच धरायची. अन् उरलेली एक वात लाव त्या थरूकरावाच्या नावानं." जयानं लावली. तुझ्या शेवटावर तुझी मर्जी चालली, पण देवळात त्यांची चालली. रागावू नकोस.

तर, हे पत्र अनारशांच्या डब्यात आहे, वरच्या कागदाखाली. बाबांना ठाऊक नाही. किंवा असेलही, डबा मी जरा जास्त वेळ बांधत होते. उद्या ते उमरखेडहून पुण्याची गाडी धरतील. पिशवीत रुमालात बांधलेला ओंजळभर कापूस सापडेल. तो हंसाबाईकडून घेतलाय. ती पैसे नको म्हणत होती, ह्यांनी केंद्राच्या भावानं मोजून दिले. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, "पोरानं धागा एका हातानं ओढायला लावलाय. दोन्ही अंगठे लागतात. दाखवावं लागेल." ह्यासाठी एवढ्या लांब जायचं का, असं मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. बघून घे. तुझ्या हातात कापूस देतील तेव्हा ओढून दाखव, तुटला तर तुटू दे.

शिक्क्याचं तू काढू नकोस. ते आपण होऊन काढतील किंवा काढणार नाहीत, त्यांच्या मनावर सोड. देवसिंगचं मात्र त्यांना सांग, नाहीतर मीच विसरेन. शामकडून निरोप आलाय की वडिलांना गोष्ट आवडली, फक्त थरूकच्या यानापुढे गाड्यांची रांग लावायची राहिली.

हिशेबात ह्या तिकिटाचं सदर काय घालावं ते कळेना. 'प्रवास' लिहिलं, खोडलं. शेवटी ते पैसे 'सण' खाली टाकले आहेत.

दार उघडशील तेव्हा ते म्हणतील, इकडे थोडं काम होतं. पुण्यात त्यांचं काहीही काम नाही. आत घे. चहा ठेव, साखर कमी. आणि घेतील, कारण रजेवर आहेत.

तुझी
आई